कंसात हशा

त्या मंगळवारी भालेराव सरांनी शिक्षकखोलीत विनोद केला आणि कोणी हसलं नाही.

शाळेत हजेरीचं यंत्र बसवलं होतं. मुख्याध्यापक ते दाखवत होते. सर म्हणाले, "याला बोट लागतं, डोकं लागत नाही. म्हणजे आपली सोय झाली." मुख्याध्यापकांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. मग घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी सरांना नोटीस मिळाली.

मीही हसलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी त्या शाळेचा ग्रंथपाल. शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडे आमचं गाव, आणि प्रयोगशाळा व अडगळीची खोली यांच्यामध्ये माझं ग्रंथालय. सर विज्ञान शिकवत. मोकळ्या तासाला ते माझ्याकडे खिडकीपाशी बसून वह्या तपासत आणि मला "काय ग्रंथराज" म्हणत. वीस वर्षं मी त्यांच्या विनोदांना हसत आलो होतो. त्या दिवशी मात्र मला कळलंच नाही की हसायचं आहे.

याचं कारण असं की सरांचा विनोद तोंडाने निम्माच सांगितला जाई. उरलेला निम्मा त्यांच्या डाव्या भुवईवर असे. वाक्य संपलं की ती भुवई सावकाश वर चढायची, वर थोडी थांबायची, आणि मग ओठाचा कोपरा तिच्या मागोमाग निघायचा. मुलं वाक्याला हसत नसत, भुवईला हसत. "हे उत्तर बरोबर आहे, फक्त प्रश्न दुसरा होता," असं म्हणून ते वही परत देत, आणि नापास झालेला मुलगासुद्धा भुवईची वाट पाहत उभा राही. ते मूळचे दौंडचे, वडील रेल्वेत. "दौंडला माणूस जन्मतो तोच अर्धा तास लेट," असं सांगून ते कधी वेळेआधी वर्गावर जात नसत आणि कधी वेळेनंतर सोडत नसत.

त्या मंगळवारी भुवई चढली नाही, एवढंच.

नोटिशीला त्यांनी उत्तर लिहिलं : 'सदर वाक्य हा विनोद होता. यापुढे विनोदाची पूर्वसूचना देण्यात येईल.' मुख्याध्यापकांनी ते फाइलला लावलं आणि शेरा मारला, 'नोंद घेतली.'

भुवईचं दुखणं तसं जुनंच होतं. दोन्ही भुवयांत, नाकाच्या बाजूच्या घड्यांत आणि कानांमागे त्यांची कातडी लाल व्हायची आणि तिचे चिकट पापुद्रे निघायचे. बरीच वर्षं आम्हा सगळ्यांना ती खडूची भुकटी वाटत होती. ती खडूची नाही हे कळल्यावर शिक्षकखोलीला काम मिळालं. कोणी कोरफड आणली, कोणी मुलतानी माती, कोणी कडुनिंबाचा पाला. चित्रकलेच्या शिक्षकांचं मत पित्त. मुख्याध्यापकांचं मत बद्धकोष्ठ, पण सगळ्याच गोष्टींबद्दल त्यांचं तेच मत होतं. स्टँडवरच्या लोकांनी लाल नाक पाहून निदान केलं की मास्तर संध्याकाळी घेतो. शिरूरच्या कातडीच्या डॉक्टरांनी ट्यूब दिली. ट्यूबने डाग जायचा, ट्यूब संपली की परत यायचा. सर म्हणाले, "दोघांचं आपसात काहीतरी ठरलेलं दिसतंय."

मग चेहरा तेलकट होऊ लागला. दुपारच्या उन्हात कपाळ चकाकायचं. त्याच सुमारास उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जाऊ लागली, बसल्या बसल्या, आपोआप, जणू पिठाची बारीक गोळी वळत आहेत. आवाज बारीक झाला. चालताना उजवा हात हलेना. आणि चेहरा जिथल्या तिथे राहू लागला. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कातडीच्या डॉक्टरांनी कातडी पाहिली. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा पाहून शेक सांगितला. घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि गुळण्या दिल्या. "माझे भाग वेगवेगळ्या दवाखान्यांत दाखवून झालेत," सर म्हणाले. "मला मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही."

पाहिलं ते बबनआप्पांनी.

आप्पा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, सोसायटीचे माजी चेअरमन आणि गावातल्या निम्म्या बागायतीचे मालक. सोसायटीची निवडणूक लागली होती. एका दुपारी ते सरांना शोधत ग्रंथालयात आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, औंदा सोसायटीला परत उभं ऱ्हावं म्हंतोय. अर्जबी भरलाय. शिकल्यालं मानूस म्हनून इच्यारतो. काय करू?"

सरांनी वहीतून मान वर केली. "उभं राहू नका, आप्पा. बसा."

सरांनी समोरची खुर्चीही दाखवली होती, पण हात इतका थोडा उचलला गेला की आप्पांना तो दिसला नाही. त्यांना दिसला खिडकीच्या उजेडात चकाकणारा चेहरा, ज्यावर एक रेघ हलत नव्हती, आणि टेबलावर फिरणारी दोन बोटं. आप्पा थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि न बसताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला. जे निवडून आले ते सहा महिन्यांत चौकशीत अडकले आणि सगळं संचालक मंडळ बरखास्त झालं.

पारावर आप्पांनी साक्ष दिली. "म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. तोंडावर तेज कसं, तर पणतीवानी! हातात माळ न्हाई, पर जप चालू. बोलताना एक सुरकुती हालत न्हाई गड्या. आपल्यात हाय का कुणी आसा? आपुन नुस्ती तंबाखू मळली तरी अख्खं तोंड हालतंय."

तेव्हापासून सर बाबा झाले.

यात एक गोष्ट सांगायला हवी. सर बौद्ध. विहारात जाणारे, अंगारा-धुपाऱ्याचं नाव काढलं की विषय बदलणारे. आप्पांच्या घरी वीस वर्षं त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. तो कप सगळ्यांना माहीत होता आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. बाबा झाल्यावर त्याच घरी त्यांना चांदीच्या पेल्यातून दूध आलं. परत येताना सर मला म्हणाले, "कपातून एकदम पेल्यात. मधली स्टीलची पायरी माझी राहूनच गेली." मी चालता चालता वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा कोरा होता. मला हसू आलं ते दहा पावलांनंतर.

लोक पाया पडायला येऊ लागले. सर पाय मागे घेत, पण ते आता इतके सावकाश निघत की माणूस आधी पोचे. ते चिडत, चिडलेलंही दिसत नसे. ते थट्टा करत. थट्टेला लोक माना डोलावत. एकदा जत्रेच्या वर्गणीला आलेल्या पोरांना ते म्हणाले, "आपल्या गावात आवाज प्रकाशाच्या आधी पोचतो. वीज येत नाही, पण डीजे येतो." संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली ते वाक्य आलं, वर शीर्षक 'बाबांचे विचार', आणि खाली हात जोडल्याची चौऱ्याहत्तर चिन्हं. डीजेही आला.

घरात मात्र बाबा नव्हते. तिथे सुमनवहिनी होत्या. एक दिवस दूध करपून पातेलं काळं झालं आणि सर शेजारीच बसून पेपर वाचत होते. वास आलाच नाही म्हणाले. वहिनींनी त्या दिवसापासून मनात एकेक गोष्ट जोडायला सुरुवात केली : वास, हात, आवाज, बटण लावायला लागणारा वेळ, उशीच्या अभ्ऱ्यावरचा तेलाचा डाग. आप्पा त्यांना सांगायला आले होते की ती ट्यूब बंद करा, तेज पुसायचं नसतं. वहिनी म्हणाल्या, "आप्पा, त्या तेजाने अभ्रे पिवळे पडतात. धुवायला तुमच्याकडे पाठवू का?"

दौंडला नसांच्या डॉक्टरीणबाई येतात असं वहिनींच्या भावाने कळवलं. शिरूरहून आम्ही तिघं एसटीने गेलो. बाई वयाने लहान होत्या, सरांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. दारापासून खुर्चीपर्यंत सर चालत आले तेवढं त्यांनी पेन खाली ठेवून पाहिलं. बोटं उघडमिट करायला लावली. मनगट फिरवून पाहिलं. भुवयांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे किती वर्षांपासून आहे?"

"हे म्हणजे खडू?" सर म्हणाले.

"काका, जरा हसून दाखवा बरं."

"मी हसतोच आहे."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वहिनी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

आजाराचं नाव कंपवात. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. मेंदूत हालचालींसाठी लागणारं एक द्रव्य कमी पडत जातं, म्हणून हात कापतो, अंग ताठरतं, चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. पण या आजारात आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात. घाम, पोट, आणि कातडीतलं तेल. तेल वाढतं, न हलणाऱ्या चेहऱ्यावर साचतं, मग कातडी लाल होते, पापुद्रे निघतात. काहींना तर हात कापायच्या आधी कितीतरी वर्षं हे दिसू लागतं. "सगळं अजून उलगडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तोंड तेलकट म्हणजे हा आजारच, असं मुळीच नाही. नाहीतर उद्या सगळा तालुका माझ्या दारात येईल."

सर म्हणाले, "म्हणजे माझी भुवई आणि माझं बोट यांची आधीपासून ओळख होती. तीन दवाखान्यांत कोणी बोललं नाही."

"ते वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात ना, काका," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. त्या लगेच हसल्या याचं सरांना फार बरं वाटलं. परतीच्या वाटेवर, वरवंडला त्यांनी एसटीची खिडकी सावकाश ओढून लावली. मग म्हणाले, "ग्रंथराज, हात कापू दे. चालणं थांबू दे. पण मी थट्टा केली तर ती थट्टा म्हणून कळली पाहिजे. नाहीतर मी गेल्यावर हे लोक माझी वचनं छापतील."

मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून जुन्या व्याख्यानांचा एक बांधीव खंड काढला. पूर्वी भाषणं छापताना श्रोते जिथे हसले तिथे कंस करून आत 'हशा' असं छापत. ती पानं मी सरांसमोर ठेवली. त्यांनी बराच वेळ वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "यातले निम्मे विनोद माझ्यापेक्षा वाईट आहेत, पण छपाई चांगली. कंसात हशा."

त्या दिवसापासून प्रत्येक विनोदानंतर ते "कंसात हशा" म्हणू लागले. वर्गात ते लगेच रुळलं. मुलं कंसाची वाट पाहू लागली, जशी पूर्वी भुवईची पाहत. शिक्षकखोलीत मुख्याध्यापकांना तर सुटल्यासारखं झालं. नियम लेखी असल्यासारखे ते वेळेवर हसू लागले, कधीकधी विनोदाच्या आधीच. गोळ्यांनी हात थोडा स्थिरावला. भुवयांना बाईंनी औषधी शाम्पू दिला होता. गोळी लागू पडली की तासभर डावी भुवई किंचित उचलली जायची, आणि वहिनी हातातलं काम टाकून ती पाहायला यायच्या.

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण झेंडावंदनाला सरांनी नानांना पाहिलं.

नाना म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. तोंड चकाकत होतं, डोळ्यांची उघडझाप होत नव्हती, मांडीवर दोन बोटं फिरत होती. गळ्यात हार होता. घरच्यांनी त्यांना पाटावर बसवायला सुरुवात केली होती; बाबांची कृपा नानांवर उतरली असं गावात ठरलं होतं. नाना दोनदा अंगणात पडले, त्याला समाधी लागली म्हणाले.

सर तीनदा आप्पांच्या घरी गेले. "दवाखान्यात न्या त्यांना. हा आजार आहे, याला गोळ्या आहेत."

आप्पा हात जोडून हसत. "आमची परीक्षा बघताय, बाबा. बघा, बघा."

तिसऱ्या खेपेला सर घरी आले आणि दारातच बसले. वहिनींना म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होवो. तो माणूस माझ्यामुळे पाटावर बसलाय."

दोन महिन्यांनी त्यांचा निरोप समारंभ होता. तिथे सगळं गाव जमणार, तिथे एकदाचं सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. भाषण लिहिलं, माझ्याकडून वाचून घेतलं. गोळी लागू पडेल तेव्हा बोलता यावं म्हणून हिशेबाने एक तास आधी गोळी घेतली. पण व्यासपीठावर बावीस पाहुणे होते, आणि प्रत्येकाला शाल, नारळ आणि त्याचं बोलणं. सरांच्या हाती माईक आला तेव्हा गोळी उतरली होती.

"माझ्या चेहऱ्यावर दिसतं ते तेज नाही," ते म्हणाले. मांडवात मागच्या लोकांना जेमतेम ऐकू जात होतं. "ते तेल आहे. बोटं जप करत नाहीत, कापतात. हा नसांचा आजार आहे आणि मला वाटतं नानांनाही तोच आहे. त्यांना डॉक्टरांकडे न्या. मी खरंच साधू असतो, तर बावीस भाषणं ऐकायला थांबलो असतो का? कंसात हशा."

कोणी हसलं नाही. मी हसलो, पण एकटाच, आणि लोकांनी वळून पाहिलं.

आप्पा उठले, त्यांनी माईक घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलं का? सवताच्या तेजाला तेल म्हंतो ह्यो मानूस! केवढा मोठेपणा! आन् शेवटाला काय बोलले? कंसात हशा! कंस कोन? किस्नाचा मामा. राक्षस! आरं, त्या कंसातबी ज्येला हासू दिसलं, त्येला काय म्हनायचं? वैऱ्यातबी आनंद बघा, ह्ये सांगत्यात बाबा!"

टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या.

सर माईकपाशी उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि आत काय होतं ते मला ओळखता आलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. उजवा पाय थोडा पुढे केला.

"आप्पा, या. पाया पडा."

आप्पा वाकले. सरांनी कापणारा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"आज्ञा आहे," सर म्हणाले. "नानांना उद्या दौंडला न्यायचं. डॉक्टर देतील ती गोळी दिलेल्या वेळेला घ्यायची. एक जरी चुकली तरी तेज जाईल."

मी वाट पाहिली. कंस आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पांची जीप दौंडला निघाली.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. ते समारंभात मिळालेल्या शालींचा ढीग पाहत बसले होते. म्हणाले, "तीस वर्षं खरं शिकवलं, ग्रंथराज. पोरं पास झाली, गाव नाही. काल एकच वाक्य खोटं बोललो, ते लगेच पाठ झालं." मी थांबलो. ते पुढे काही म्हणाले नाहीत. वहिनींनी त्यांच्या भुवया ओल्या फडक्याने पुसल्या.

पुढे ती दोघं दौंडला राहायला गेली, रुळांपासून दोन गल्ल्या आत. गावात नाना सुधारत होते. हात स्थिरावला, पाटावरून उतरले, नातवावर ओरडू लागले. घरचे थोडे खट्टू झाले. आप्पा मला म्हणाले, "गोळ्यांनी तेज उतारलं जरासं. पर काय करता, आज्ञा म्हंजी आज्ञा."

मी शेवटचं पाहिलं तेव्हा सर दारात खुर्चीवर होते. आवाज अगदी खाली गेला होता; कान तोंडाशी न्यावा लागे. त्यांनी माझ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं, नेमकी तेव्हाच मालगाडी जात होती. मला तो मंगळवार आठवला. मी ताबडतोब हसलो, चांगला मोठ्याने. सर माझ्याकडे पाहत राहिले. वहिनी आतून आल्या, त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाल्या, "अहो, पाणी मागताहेत."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी वहिनींना पुन्हा खाली वाकायला लावलं. वहिनींनी मला सांगितलं, "म्हणतात, एकाला तरी वेळेत हसू आलं. कंसात हशा."

चैत्रात सर गेले. गावाला समाधी बांधायची होती. वहिनी म्हणाल्या, "एका जागी बसवून ठेवायचं काम आजाराने केलंय. तुम्ही नका करू." तेव्हा फोटोवर भागलं. शाळेच्या सभागृहात तो लावला आहे. निरोप समारंभातला आहे, कपाळावर उजेड पडलेला. खाली एक ओळ रंगवायची ठरलं. रंगारी ग्रंथालयात आला आणि त्याने मला विचारलं, बाबांचं वचन नीट कसं लिहायचं. मी त्याला कागदावर लिहून दिलं. त्याने तसंच रंगवलं : (हशा). दोन्ही बाजूंच्या कमानींना लोक नक्षी समजतात.

फोटोत सर हसत आहेत. हे वहिनींना माहीत आहे आणि मला. नाना सकाळी आठची गोळी घेतात, वेशीवरच्या चिंचेपर्यंत चालत जातात आणि परत येतात.